सुषमाला सवय आहे

नवतपा आज लागला. आता नऊ दिवस सूर्य रोहिणीत. जितकं तापेल तितका पाऊस चांगला, असं म्हणत रायपूरची माणसं हे नऊ दिवस भाजून घेतात. सकाळी दहानंतर आमच्या ब्राह्मणपाऱ्याच्या गल्लीत कुत्रंसुद्धा नालीतून उठत नाही. मी कूलरची वाळ्याची ताटी बदलण्याच्या भारी कामात होतो. भारी काम म्हणजे मी स्टुलावर चढलेला, आणि खाली सुषमा, माझी बायको, एका हाताने स्टूल, दुसऱ्या हाताने पाना आणि खांद्याने मला धरून उभी. सगळं झाल्यावर आई खाटेवरून म्हणाली, "किती राबते माझा पोट्टा." पोट्टा चौपन्न वर्षांचा आहे.

तेवढ्यात नागपूरहून दादाचा फोन आला. वहिनीचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन मार्चात झालंय, हे आम्हाला माहीत होतं.

"सोमवारपासून रेडिएशन आहे तिचं," दादा म्हणाला. "पाच हप्ते रोज न्या, आणा. सुषमाले पाठवून दे ना."

"सुषमाला?"

"अरे, तिले सवय आहे बाप्पा. तुयं सगळं तिनंच केलं. मले कुठं जमते हे?"

दादा निवृत्त आहे. रोज पहाटे पाच किलोमीटर चालतो, गाडी चालवतो, हास्यक्लबात हात वर करून हसतो. त्याच्या घरात, त्याच्या बायकोसाठी, बायको मात्र माझी हवी. कारण तिला सवय आहे. स्वेटर विणायची असावी तशी.

"बघतो," मी म्हणालो. काही करायचं नसलं आणि नाही म्हणायची हिंमतही नसली, की मी बघतो. फोन ठेवला आणि मग राग आला. माझा राग मालगाडीसारखा आहे, सिग्नल पडल्यावरही बराच वेळ हलत नाही. पण एकदा निघाला की लांबच्या लांब. आज दिवसभर त्याचे डबे मोजतोय.

चार वर्षांपूर्वीचा नवतपा. तेव्हा कॅन्सर माझ्या गालात होता. वीस वर्षं तंबाखू-सुपारीचा खर्रा दाबला होता मी त्याच गालात. शाळेत इतिहास शिकवतो, पोरांना साम्राज्यं का बुडाली ते सांगतो, आणि मधल्या सुट्टीत पानठेल्यावर उभा राहून स्वतःचं बुडवत होतो. घरात गोष्टी सांगणारा मीच. लग्नातली पंगत उठते, पत्रावळी उचलतात, माझी गोष्ट संपत नाही. खर्र्याने नेमकं तोंडच धरलं. एप्रिल लागताच अर्धा जबडा काढला, छातीचं मांस गालाला लावलं, नाकातून नळी घातली. बोलणं बंद. मुलगी ईशा अकरावीत होती, तिने माळ्यावरून तिची बालवाडीतली पाटी काढून दिली. "पापा, इस पे लिखो." आमची पोट्टी मराठी समजते सगळं, उत्तर हिंदीत देते.

त्या पाटीवर मी दोन महिन्यांत काय काय लिहिलं असेल? उशी. पाणी. पंखा कमी. पंखा जास्त. आवाज नको. दुखतंय. कोण आलं? पाणी गार आहे. इतिहासाचा मास्तर मी, पण त्या सगळ्या काळातलं एक वाक्य मला आठवत नाही, जे प्रश्न म्हणून तिला विचारलेलं असेल.

नळीतून दर दोन तासांनी खाणं जायचं. आम्ही त्याला फीड म्हणायला शिकलो. वरण, भात, भोपळा, अंडं, सगळं मिक्सरमध्ये फिरवायचं, मलमलच्या फडक्याने गाळायचं, कोमट करायचं, मोठ्या सिरिंजने हळूहळू सोडायचं, वरून पाणी सोडायचं, नळी बंद करायची. सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत. गाळताना एक कण राहिला तर नळी तुंबते. तुंबली तर मी डोळे वटारायचो. बोलता येत नव्हतं, पण डोळे वटारण्याला कुठल्याही डॉक्टरने मनाई केली नव्हती.

मग रेडिएशन. रोज साडेनऊला ती मला स्कूटीवर मागे बसवून न्यायची. रायपूरच्या उन्हाळ्यातल्या बायकांसारखी तोंडाला ओढणी गुंडाळलेली, हातात कोपरापर्यंत मोजे. माझ्या डोक्यावर ओला पंचा. मोहल्ल्यातले लोक हसायचे, "गुरुजी को भाभी चला रही है." मीही हसायचो, उरलेल्या अर्ध्या तोंडाने.

भेटायला लोक यायचे. माझी मावशी आली, कूलरसमोरच्या खुर्चीत बसली, डोळे पुसले आणि चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या सुषमाला म्हणाली, "तू थांबवलं काहून नाही याले? बायको कशासाठी असते?"

खर्रा मी खाल्ला. लपवून खाल्ला. पुड्या पुस्तकांच्या मागे ठेवल्या, खोटं बोललो, ती रडली तेव्हा "सोडतो" म्हणालो आणि त्याच संध्याकाळी खाल्ला. पाटी माझ्या मांडीवर होती. खडू हातात होता. "माझी चूक" हे दोन शब्द लिहायला किती वेळ लागतो? मी पाटीवर लिहिलं, "मावशीला बिस्किट दे."

दादाही आला होता नागपूरहून, चार दिवस. डाळिंब सोलायचा. डाळिंब मला चालतच नव्हतं, ते तोच खायचा. माझ्या डोक्यावर हात ठेवलेला त्याचा फोटो कुणीतरी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. खाली रांग लागली. भाऊ असावा तर असा. राम-लक्ष्मण. डोळे पाणावले. फोटोच्या कडेला एक हात आलेला आहे, कोपरापासून पुढचा, सिरिंज धरलेला. तो कुणाचा, हे कुणी विचारलं नाही.

दवाखान्यातला नियम मी तिथे पडल्या पडल्या पाठ केला. बायकांच्या वॉर्डात सोबतीला बाईच लागते, जेन्ट्स को अंदर नहीं आना है. हे समजण्यासारखं आहे. पुरुषांच्या वॉर्डात मात्र कुणीही चालतं. पण तिथेही फरशीवर चटई टाकून बायकाच. आया, बायका, बहिणी, एक तर सात महिन्यांची गरोदर सून. पुरुष नातेवाईक भेटीच्या वेळेला यायचे, पायाशी उभे राहायचे, सलाइनच्या बाटलीकडे बघून "चल रहा है न बराबर?" विचारायचे आणि जबाबदारी पार पाडून निघून जायचे. मी हे हसत लिहितोय, पण माझे वडील दवाखान्यात होते तेव्हा मीही हेच विचारलं होतं. बाटलीकडेच बघून.

रेडिएशनच्या बाकावर आमच्या शेजारी रोज एक जोडपं असायचं. नवऱ्याच्या घशात गाठ. बाईला तो महासमुंदहिन म्हणायचा. इथे छत्तीसगढमध्ये सुनेला माहेरच्या गावावरून हाक मारतात. तिचं खरं नाव मला आजही माहीत नाही. पलीकडे गुढियारीचा एक तरुण बसायचा, मालधक्क्यावर काम करणारा, बायकोला घेऊन येणारा. त्याच्यावर सगळ्यांचा जीव. नर्सा त्याला चहा द्यायच्या, लोक उठून जागा द्यायचे. "औरत के लिए कितना करता है बेचारा." महासमुंदहिन तेच करत होती, वर कडेवर नातू. तिला मी कुणी जागा दिलेली पाहिली नाही. बेचारी म्हटलेलंही ऐकलं नाही.

पण त्या पोराचंही सांगतो. एकदा स्कूटरच्या स्टँडवर मला धरून तो रडला. "भैया, घर में किसके सामने रोऊँ? सब बोलते हैं, तू तो मर्द है." मी पाटी काढली आणि लिहिलं, "हिम्मत रखो." त्याने ते वाचलं, औषधाच्या चिठ्ठीला करावा तसा नमस्कार केला, डोळे पुसले आणि गप्प झाला. इतकी वर्षं गोष्टी सांगून मी हे कमावलं. रडणाऱ्या माणसाचं तोंड बंद करणारे दोन शब्द.

एके सकाळी महासमुंदहिनने सुषमाचा हात हातात घेतला, उलटा केला, नखं दाबून बघितली.

"दीदी, तोर नख तो एकदम सफेद हे. देह म खून नइ हे का?"

"अरे, कल ही नेलपॉलिश निकाली," सुषमा हसून म्हणाली आणि हात काढून घेतला.

मी मध्येच बसलो होतो. ऐकलं. सुषमा आयुष्यात नेलपॉलिश लावत नाही, हे मला माहीत आहे. तेवढ्यात माझा नंबर आला आणि मी उठून गेलो.

आता आमच्याकडच्या वाळवणाचं. आमची माणसं विदर्भातून येऊन इथे चार पिढ्या झाल्या. भाषा पातळ झाली, पण कुरडया जाड त्या जाडच. गहू तीन दिवस भिजवायचे, वाटायचे, चीक काढायचा, आणि तो चीक पहाटे मोठ्या गंजात उकळत्या पाण्यात घाटायचा. घाटताना खांदे भरून येतात. मग ऊन तापायच्या आत गच्चीवर जुन्या साड्या पसरून सोऱ्याने घालायच्या. दरवर्षी नवतप्यात. त्या वर्षी सुषमा म्हणाली, "आई, यंदा राहू द्यायचं का?"

आई म्हणाली, "दुखण्याच्या घरानं वाळवण मोडलं तर दुखणं घर धरते. तुझे सासरे पडून होते तेव्हाही मी केलं."

आईवर मला रागावता येत नाही. तिने खरंच केलं होतं. तिच्याही पाठीत त्या वर्षी कळ आली ती आजतागायत आहे, आणि ती कळ तिने दागिन्यासारखी सुनेला दिली. सुषमाने माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मला नीट आठवतं. दोन महिन्यांत पहिल्यांदा ती माझ्याकडे काहीतरी मागत होती.

मी पाटीवर लिहिलं, "आईचं मन राख."

नवतप्याचा तिसरा दिवस, रविवार, रेडिएशनला सुट्टी. मी कूलरसमोर पडलो होतो. कूलरचं तोंड अर्थातच माझ्याकडे. ईशा ट्यूशनला, आई देवघरात. अकराचं फीड आलं नाही. अकरा दहा झाले. वर गच्चीवर काहीतरी धप्पकन वाजलं. मला वाटलं, कुरडयांवर माकडं आली. मी उशाचा स्टीलचा ग्लास घेतला आणि खाटेच्या लोखंडी दांड्यावर वाजवायला लागलो. ठण, ठण, ठण. माकडांसाठी नाही. फीडला उशीर झाला म्हणून. मला भूक लागली होती आणि मी चिडलो होतो. मी वाजवत राहिलो, आणि वर ती ओल्या कुरडयांवर पालथी पडलेली होती.

पुढे कधीतरी तिने मला सांगितलं, "ग्लास ऐकू येत होता मले. आले, आले, असं म्हणून राहिली होती मी. तोंडातून निघत नव्हतं."

आईने पूजा आटोपून वर जाऊन पाहिलं. लू लागली, ऊन लागलं, म्हणून कांदा फोडून नाकाला लावला. शेजाऱ्यांनी उचलून नेलं त्याच दवाखान्यात, जिथे ती रोज जात होती. ड्यूटीवर एक तरुण डॉक्टरीणबाई होती. ईशा सोबत होती, तिने मला नंतर सगळं सांगितलं, एकेक शब्द, माझ्याकडे न बघता.

"ब्लीडिंग कब से ज्यादा हो रही है?"

"जनवरी से."

"जनवरी! और आप तो यहाँ रोज आती हैं न?"

"हाँ, पर मैं तो इनके लिए आती हूँ."

अंगात निम्मंसुद्धा रक्त उरलं नव्हतं. बाटल्या चढवल्या. ब्लडप्रेशर तर इतकं चढलेलं की डॉक्टरांनी दोनदा मोजलं. घरात ब्लडप्रेशरचं मशीन होतं, माझ्यासाठी आणलेलं. तिने ते दिवसातून तीनदा माझ्या दंडाला बांधलं, आईच्या बांधलं, गंमत म्हणून ईशाच्याही बांधलं. तिच्या दंडाला ते कधी बांधलं गेलं नाही. महिन्यातून वीस वीस दिवस रक्त जात होतं, आणि ती माझ्या हिमोग्लोबिनसाठी बीट किसत होती.

त्या संध्याकाळी फीड द्यायला कुणी नव्हतं. मी आरशासमोर बसलो, सिरिंज भरली, नळीला लावली आणि स्वतःच सोडलं. एक थेंब सांडला नाही. घड्याळ समोर होतं. आठ मिनिटं लागली. हात माझे दोन्ही धड होते. ऑपरेशन गालाचं झालं होतं, हातांचं नाही. दुसऱ्या दिवशी मिक्सरही फिरवला, फडक्याने गाळलं, जमलं. मग तीन दिवसांनी ओळखीचे लोक यायला लागले आणि म्हणायला लागले, "वा, स्वतःचं स्वतः करता! किती हिंमत!" सुषमाने दोन महिने केलं तेव्हा ते कर्तव्य होतं. मी तीन दिवस केलं तर हिंमत झाली. आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं होतं ऐकून.

मी बरा झालो. आइस्क्रीमच्या काड्या दातांत एकावर एक रचून तोंड उघडायला शिकलो, पहिल्यांदा सात, मग पंधरा, मग बावीस. आता बोलतो, जरा बोबडं, पण पंगतीला पुरेसं. सुषमाची गर्भपिशवी काढली. ब्लडप्रेशरची गोळी कायमची लागली. झोप गेली ती पूर्ण आलीच नाही. घरात कुणी खोकलं तरी उठून बसते. तिला विचारलं तर म्हणते, वय झालं. एक्कावन्नाव्या वर्षी.

तर हे सगळं आज दिवसभर डोक्यात तापत राहिलं, आणि चारच्या सुमारास मी दादाला फोन लावला. म्हटलं, "सुषमा येणार नाही. तुझी बायको आहे, तू कर." दादा म्हणाला, "काहून रे, भांडण झालं का तुमचं?" मी फोन ठेवला. छाती फुगली होती. शाळेत बक्षीस मिळालेल्या पोरासारखा मी स्वयंपाकघरात गेलो आणि तिला सांगितलं.

ती कैरी किसत होती. किसणं थांबलं.

"मले विचारलं?"

"अगं, तुझ्यासाठीच तर..."

"मले विचारलं का तुम्ही? दादा म्हणतात पाठव. तुम्ही म्हणता नाही पाठवत. मी काय पार्सल हाव?" तिचा आवाज चढला. "आईचं मन राख लिहिलं तेव्हा विचारलं नव्हतं. आज माझं मन राखून राहिले, तेही न विचारता."

मी खाली बसलो, फरशीवर, तिच्यासमोर. आणि विचारलं, "तुला जायचंय का?"

तिने किसणी बाजूला ठेवली.

"नाही," ती म्हणाली. "वहिनीसाठी जीव तुटते माझा. लग्न होऊन आली तेव्हा त्यांनीच सांभाळलं मले. पण नाही जायचं. दवाखान्यातल्या फिनाइलचा वास आला तरी हात कापतात माझे. मागच्या महिन्यात ईशाच्या मैत्रिणीले बघायला गेलो ना, मी जिन्यातूनच परतली. तुम्हाले सांगितलं, पाय दुखते."

"मला सांगायचं तर होतंस."

"विचारलं होतं?"

बाहेर लू भिंतींना घासत होती. तिने डोळे पदराने पुसले आणि लगेच, त्याच दमात, म्हणाली, "पण मग वहिनीचं कोण करेल?"

"दादा."

ती हसली. खरंच हसली, मनापासून, तोंडावर हात ठेवून, जशी माझ्या एखाद्या जुन्या विनोदाला हसते. "दादा!" ती म्हणाली आणि पुन्हा हसली. मला हसू आलं नाही. मी विनोद केला नव्हता.

मग तिनेच एकेक सांगितलं आणि मी कागदावर लिहून घेतलं. किरणं पडतात तिथे साबण चोळायचा नाही, तेल-पावडर डॉक्टरला विचारल्याशिवाय लावायची नाही. सुती, सैल कपडे. ऊन लागू द्यायचं नाही. पाणी भरपूर. जेवण थोडं थोडं, वेळेवर, आणि ते वहिनीने रांधायचं नाही. ऑपरेशनच्या बाजूच्या हाताने जड उचलायचं नाही, त्या हाताला सुई टोचू द्यायची नाही, तो दुखत असेल तर उशीवर ठेवून आराम द्यायचा. सुषमा म्हणाली, वहिनीचा उजवा.

मी पुन्हा दादाला फोन लावला. म्हटलं, रागावू नको, ऐक. तू करू शकतोस, काही कठीण नाही, मी सांगतो तसं लिहून घे. रोज रात्री फोन करीन. लागलं तर मी येतो आठ दिवस, दोघं मिळून करू.

"हो हो, सांग ना," दादा म्हणाला. "पण थांब एक मिनिट. मले हे लक्षात नाही राहत." आणि फोन तोंडापासून दूर धरून त्याने हाक मारली, "अवं, इकडे ये. बंडूचा फोन आहे. वही-पेन घेऊन ये."

खुर्ची ओढल्याचा आवाज आला. वहीची पानं उलटली. मग वहिनी.

"हं, बोला भाऊजी."

"वहिनी, फोन दादाला द्या. पेन त्याच्या हातात द्या."

"राहू द्या हो," वहिनी म्हणाली. "मीच लिहिते. फक्त हळूहळू सांगा. उजवा हात आहे ना, लिहिताना दुखते."